वखारीतले इंजिनेर

लाकूड कापलं की भुसा पडतो. तो कुणी मागवलेला नसतो, विकत कुणी नेत नाही, आणि आज झाडून काढला तरी उद्या पुन्हा पायाला लागतोच. किश्शांचंही तसंच आहे. मी अलिबागेत लाकूड, चुना आणि कौलं विकायला बसलो होतो, किस्से गोळा करायला नव्हे. पण माझ्या वखारीत काही वर्षं इंजिनेर शिकायला यायचे. जिथं इंजिनेर शिकायला येतात तिथं दुसरं काय साठणार?

माझं शिक्षण मराठी चौथी. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. कुठला वासा वाकतो, कुठला चुना फुलत नाही, हे शिव्या खाऊन कळतं. हळूहळू मी लहानसहान बांधकामंही घेऊ लागलो. मग तीस सालच्या आगेमागे मंदी आली. पुण्याच्या कॉलेजातून पोरं इंजिनेर होऊन बाहेर पडत आणि बाहेर काहीच नसे. मग कुणाचे तरी वडील पोराला घेऊन माझ्याकडे येत. एका मास्तरांनी तर हात जोडून म्हटलं, "अण्णाशेट, याला खूप शिकवलंय हो. आता काहीतरी शिकवा."

गावातली टवाळ मंडळी माझ्या वखारीला कॉलेजचं पाचवं वर्ष म्हणायची. मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

*

पहिला आला दामले. पायात चकचकीत बूट, डोक्यावर हॅट. आल्या आल्या त्यानं विचारलं, "माझं टेबल कुठाय?"

मी त्याला कौलांची एक चळत दाखवली. म्हटलं, "हे टेबल, हीच खुर्ची. फक्त उठताना जपून, वरची दोन फुटलेली आहेत."

महिन्याभरात तो त्या चळतीवर मांडी घालून चहा प्यायला शिकला. मग मी त्याला नागावला पार्वतीकाकूंचं घर बांधायला धाडलं. काकूंची नारळाची वाडी, आणि घर वाडीतच हवं. दामलेनं झकास नकाशा काढला. माजघराच्या मधोमध एक माड येत होता, तो त्यानं नकाशात तोडून टाकला.

काकूंनी नकाशा हातात धरला, उलटा धरला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, "या माडाला माझ्या सासऱ्यांनी पाणी घातलंय. तुझी भिंत अजून कागदावर आहे. तीच सरकव की."

दामलेनं भिंत सरकवली. दुसरा माड आडवा आला. पुन्हा सरकवली, तिसरा आला. शेवटी ते घर कोपरात दुमडलेल्या हातासारखं वाकडं झालं. दामले रडकुंडीला येऊन म्हणाला, "अण्णा, हे कॉलेजात कळलं तर माझी पदवी परत मागतील."

पुढं मुंबईचे एक बॅरिस्टर काकूंकडे पाहुणे आले. प्रत्येक खोलीत वारा, प्रत्येक खिडकीत सावली. त्यांनी कौतुकानं विचारलं, "हे डिझाइन कुणाचं हो?"

काकू म्हणाल्या, "माडांचं."

*

दुसरा सप्रे. हा घाटावरचा, सोलापूरकडचा. स्वभावानं सोनं, पण समुद्र त्यानं पहिल्यांदा पाहिला तो माझ्याकडे आल्यावर.

रेवदंड्याच्या एका घराचं छप्पर त्याच्याकडे होतं. मंगळुरी कौलं दक्षिणेकडून पडावानं, मोठ्या शिडाच्या होडीनं यायची. सप्रेनं मालकाला शब्द दिला, आषाढात कौलं चढतील. आणि मागणी दिली ज्येष्ठात. पावसाळ्यात बंदर बंद असतं, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पडाव हलत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सप्रेला कोण सांगणार? आणि सांगायची गोष्ट आहे हे तरी कुणाला सुचणार?

कौलं येईनात तेव्हा सप्रेनं पडावाचे मालक इस्माईल तांडेल यांना कडक इंग्रजीत पत्र पाठवलं. विलंबाचं कारण आठ दिवसांत कळवावं.

इस्माईल तांडेल पत्र घेऊन स्वतः आले. भर पावसात, छत्री सांभाळत. मोठ्या अदबीनं सप्रेचा हात धरून त्याला किनाऱ्यावर घेऊन गेले. समोर दर्या भिंतीएवढा उभा राहत होता.

"साहेब, कारण हे," तांडेल म्हणाले. "पत्र यालाच देऊ, का तुमी देताय?"

त्या घरमालकानं नारळाच्या झावळ्या घालून पावसाळा काढला. सप्रेनंही तो पावसाळा तिथंच काढला, त्याच झावळ्यांखाली, कुणी न सांगता. मी विचारलं तर म्हणाला, "माझ्यामुळं ते भिजतायत, मग मी कोरडा कसा झोपू?" असा इंजिनेर मी पुन्हा पाहिला नाही.

आता तो मुंबईत सिमेंटच्या इमारती बांधतो. ऐकतो की दादरमध्ये चाळ बांधायची असली तरी आधी भरतीची वेळ विचारतो.

*

तिसरा हरी. हा कुणाच्या शिफारशीनं आला नाही, बाप बरोबर घेऊन आला. दोघं उभे. हरीचे बूट हातात, कारण वखारीचा ओटा नुकता सारवलेला होता.

हरी कोळ्याचा पोर. त्याचं गाव खाडीच्या तोंडाशी. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्याकडून लाकूड नेतात. कोळीवाड्यातून इंजिनेर झालेला तो आमच्या भागातला पहिलाच. एका संस्थानाची शिष्यवृत्ती होती, आणि बाकीचं पोशानं केलं. पोशा म्हणजे त्याचा बाप.

पोशा काय करायचा ते सांगायला हवं. त्या गावाला धक्का नव्हता. मुंबईहून येणारी आगबोट लांब उभी राही, तिथून होडी, आणि ओहोटी असली की होडी अर्ध्यावरच थांबे. पुढं नुसता चिखल आणि पाणी, कुठं गुडघाभर, कुठं मांडीभर. मग गावातले पाचसहा गडी उतारूंना खांद्यावर बसवून काठाला आणत. पोशा त्यांचा म्होरक्या. आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या बायका दोघांच्या हातांच्या पाळण्यावर, आणि शेट लोक सर्वांत शेवटी. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाला, "शेट लोकान्ला कसली घाई? तुमचा माल कुठं पळतोय."

मी त्याच्या खांद्यावर कितीदा बसलो असेन. मधेच हाक यायची, "शेट, पोट आत घ्या. मला म्होरचं दिसत न्हाय."

आयुष्यात त्यानं कुणाला पाडलं नाही. एक सरकारी कारकून तेवढा चिखलात गेला. तो वाटभर पोशाला टाचा मारत होता, घोड्याला मारतात तशा. मी पोशाला म्हटलं, "तुझ्या हातून माणूस पडला म्हणे?"

"पडला न्हाय," पोशा म्हणाला. "ठेवला."

हरी पास झाल्याचं त्यानं सगळ्या तालुक्याला सांगितलं. आणि सांगायचा कुठं? चिखलाच्या मध्यावर. तिथून उतारूला पळता येत नाही.

हरीला घेऊन वखारीत आला त्या दिवशी पोशा खुर्चीवर काही बसला नाही. "पोराला बघा शेट," म्हणाला आणि चुन्याची घाणी बघायला निघून गेला. तो गेल्यावर हरी मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगाल ते बांधीन. गटार सांगा, गोठा सांगा. पण मला स्वतःचं असं एकच बांधायचंय. आमच्या गावचा धक्का."

"का रे?"

तो बाहेर बघत होता. घाणीच्या बैलांशी पोशा काहीतरी बोलत उभा होता. त्याची मान उन्हात काळीठिक्कर दिसत होती, आणि दोन्ही खांद्यांवर घट्टे.

"त्या मानेवर आता कुणी बसायला नको," हरी म्हणाला.

*

माझ्या वखारीत एक धडा मी सगळ्यांना द्यायचो. कागदाला पेन्सिल लावण्याआधी विचारायचं. ज्याच्या दारावरून पाणी जाणार त्याला, ज्याची गाय त्या दारातून जाणार त्याला. दामले हा धडा विसरायचा, सप्रेला उशिरा आठवायचा. हरीनं तो शब्दशः उचलला.

तळा गावच्या एका शाळेची खोली वाढवायची होती. हेडमास्तर म्हणाले, खिडक्या उंच हव्यात, मुलं बाहेर बघतात. हरीनं मान डोलावली आणि जाऊन मुलांना विचारलं, "खिडकी कुठं पाहिजे रे?"

एक पोरगं लगेच म्हणालं, "मास्तरांच्या पाठीमागं."

हरीनं खिडकी तिथंच ठेवली, चांगली रुंद. पुढच्या खेपेला हेडमास्तर मला भेटले ते भरून पावल्यासारखे. "अण्णाशेट, तुमच्या पोरानं काय जादू केली कळत नाही. तासभर वर्ग माझ्यावरून नजर काढत नाही."

असा हा हरी. दिवसा माझी कामं, आणि सुट्टी मिळाली की गावी जाऊन धक्क्याची मापं. दामले आणि सप्रे तोवर वखारीत होते, तेही बांबू धरायला जायचे. ओहोटी कुठवर जाते, खालचा खडक कुठं लागतो, लाट कुठून मारते. नकाशा तयार झाला तेव्हा तिघांनी तो माझ्या कौलांवर पसरला. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण एवढं कळलं की यात तोडून टाकलेला माड एकही नव्हता.

गावात त्यानं सगळ्यांना विचारलं. पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका म्हणाल्या, कधी करतोस? दुकानदार म्हणाला, माल भिजतो माझा. मास्तर, भटजी, होडीवाले, सगळे व्हय म्हणाले. मंजुरीसाठी लोकल बोर्डाकडं धाडलेला नकाशा तीनदा परत आला, चौथ्यांदा निरोप आला. साहेब जागा बघायला येणार, गावाचं म्हणणं ऐकणार आणि मगच मंजुरी.

हरीला त्या आठवड्यात जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, "अरे, खा. साहेब पोटाकडं नाही बघत."

*

साहेब आले ते ओहोटीला. हरीनं मुद्दामच ती वेळ धरली होती, म्हणजे हाल डोळ्यांनी दिसतील. पण झालं भलतंच. साहेबांना पोशानं आणलं, आणि पोशा असा चालला की साहेबांच्या हातातली सिगारेटसुद्धा हलली नाही. काठाला उतरून साहेब म्हणाले, "वा. मुंबईची ट्राम याहून जास्त हिसके देते."

उंडीच्या झाडाखाली खुर्ची मांडली. सगळं गाव जमलं. एकेकानं उठून धक्का हवा म्हणून सांगितलं. हरी नकाशा धरून उभा होता, मी शेजारी. साहेब खूश दिसत होते. उठता उठता त्यांनी रीत म्हणून विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी हाय," पोशा म्हणाला.

तो मागं उभा होता, अजून ओला. त्याच्या मागं बाकीचे गडी.

"तुम्ही कोण?"

"मी पोशा. इंजिनेराचा बाप."

लोक हसले. साहेबही हसले. पोशा हसला नाही.

"साहेब, आमी सा घरं ह्या चिखलावर जगतो," तो म्हणाला. "होडी न्हाय, जाळं न्हाय. खांदा हाय. माझा पोर ह्याच चिखलानं शिकला. आता तो शिकला, चांगलं झालं. पन ह्या म्हाद्याचा पोर दुसरीत हाय. लाडक्याचा अजून पाळन्यात हाय. धक्का झाल्यावर ते कशावर शिकनार?"

साहेबांनी हरीकडं बघितलं. "यांना तुम्ही विचारलं नव्हतं?"

हरीच्या हातातला नकाशा वाऱ्यानं फडफडत होता. "सगळ्यांना विचारलं होतं साहेब," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. घरात कुणी विचारतं का? बाप व्हयच म्हणणार, त्याच्यासाठीच तर सगळं. मी शिकवताना दारांची नावं घ्यायचो, त्यात आपलं दार कधी आलंच नाही.

गावात एकमत नाही असा शेरा पडला आणि कागद बाजूला झाले. कुणाला दोष देणार? साहेब आपल्या जागी बरोबर. पोशा तर फारच बरोबर.

मी त्याला नंतर वखारीत काम देऊ केलं. त्यालाही आणि बाकीच्यांनाही. म्हटलं, "तेच उचलायचं, पण कोरड्यात."

तो म्हणाला, "लाकूड बोलत न्हाय शेट."

*

त्यानंतर वखारीतलं ते पाचवं वर्ष मोडलंच म्हणायचं. सप्रे मुंबईला गेला. दामलेला सरकारी जागा लागली. एकदा तो साहेब म्हणून अलिबागेस आला, मागं शिपाई. मी हौसेनं त्याची कौलांची चळत पुसून ठेवली होती. त्यानं चळतीकडं बघितलं, मग स्वतःच्या पांढऱ्या पाटलोणीकडं.

"नको शेटजी, उभाच बरा आहे," तो म्हणाला.

पूर्वी तो मला अण्णा म्हणायचा. तो उभा, म्हणून मीही उभा राहिलो. चहा आम्ही तसाच घेतला. तो वाईट माणूस नाही हो. घाईत होता.

हरी मात्र राहिला. वर्षभर माझी सगळी कामं त्यानं चोख केली. मी त्याला भागीदारी देऊ केली. माझं म्हातारपण जवळ येत होतं, आणि वखारीनंतर काय हा विचार मी त्याच्याकडं बघून करायचो. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. पण पेन्सिल त्यानं हातात घेतली नाही. गटाराचं मापसुद्धा तोंडी सांगायचा. घरी जायचा, बापाशी नीट बोलायचा, मासळीचं, पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं. धक्का हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

मग कराचीहून बोलावणं आलं. तिथं बंदर वाढवत होते. धक्के बांधायला माणूस हवा होता.

मला पत्र दाखवून हरी म्हणाला, "जाऊ का अण्णा?"

माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. मी म्हटलं, "गरम कपडे ने. तिकडं थंडी असते म्हणतात."

*

तो गेला त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

मी पोचवायला त्याच्या गावापर्यंत गेलो होतो. ओहोटी लागलेली. होडी लांब पाण्यात उभी, होडीवाला हाका मारत होता. पोशा नेहमीसारखा कामावर होता. त्यानं म्हातारे नेले, बायका नेल्या, एक मारवाडी नेला. हरीची ट्रंकही डोक्यावरून नेऊन ठेवली. हरीची आई काठावर पदर तोंडाशी धरून बसली होती.

शेवटी हरी राहिला. त्यानं बूट काढले, बंद एकमेकांना बांधून ते गळ्यात अडकवले, पाटलोण गुडघ्यावर दुमडली आणि चिखलात पाय घातला.

पोशा परत येत होता. तो त्याच्यासमोर येऊन थांबला, पाठ वळवली आणि वाकला.

"चढ."

"मी चालतो, बा."

"पाय कापतील. कालवांच्या शिंपा हायत खाली."

"लहानपणापासून चालतोय की."

"तवा बोट गाठायची नव्हती. चढ, पानी फिरतंय."

हरी उभाच. होडीवाल्यानं पुन्हा हाक मारली. आई काठावरून म्हणाली, "बस रं बाबा, किती वेळ वाकवून ठेवशील त्याला?"

तो बसला. पोशानं उचललं आणि चालू लागला, तसाच, पाण्याला न कळता चालल्यासारखा. हरीचे बूट बापाच्या छातीवर आपटत होते. आम्ही काठावरून बघत होतो.

अर्ध्याच्या पुढं गेल्यावर पोशा थांबला. मांडीभर पाण्यात, होडीच्या थोडं अलीकडं. इतक्या वर्षांत तो कुणाला घेऊन मधे थांबलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, दमला. वय झालं होतंच. वाटेत दोघं काहीतरी बोलत होते, वारा उलटा असल्यामुळं आम्हाला ऐकू येत नव्हतं. थांबण्याआधी हरीनं हात उचलून पाण्याकडं दाखवलं होतं. पोशा हलला नाही. होडीवाला ओरडायचा थांबला. तिथं तो असा उभा राहिला, पाठीवर पोर घेऊन, समुद्राकडं तोंड करून, की मला काठावर उगाच अवघडल्यासारखं झालं.

मग तो चालू लागला. हरीला होडीत ठेवलं. होडी वळली आणि लांब गेली, आणि पोशा पाण्यातून एकटा परत आला.

मी विचारलं, "मधेच का रे थांबलास? दमलास का?"

त्यानं खांद्यावरचं फडकं पिळलं.

"न्हाय शेट," तो म्हणाला. "म्या इचारलं, तुझा धक्का कुठवर येनार व्हता. तो म्हनला, हितवर. मंग जरा उभा र्‍हायलो."